बाईंचं वेळापत्रक

१९८२ सालचा जुलै धरू. आजी तेव्हा पन्नाशीची, मी सात वर्षांची आणि गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा महिने झालेले. डोंबिवलीतल्या माझ्या शाळेचे पत्रे त्या पावसात उडाले आणि जवळजवळ महिनाभर सुट्टी मिळाली. आई-बाबा नोकरीला, म्हणून आजी मला रोज बरोबर ठाण्याला न्यायची. तिच्या ब्याण्णव वर्षांतला हा एक महिना मी सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांनी पाहिला आहे.

ती गेली तेव्हा शोकसभेत बोलणाऱ्यांनी त्याग, सोसणं, समर्पण हे शब्द सढळ हाताने वापरले. मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, बाई नोकरी करत होत्या, पगार घेत होत्या आणि दोन्ही त्यांना मनापासून आवडायचं. पण शोकसभेत असं कोणी बोलत नाही. म्हणून हा दिवस.

पहाटे सव्वाचार. घड्याळाला गजर लावलेला असायचा, पण तो आजोबांसाठी. आजी त्याच्या आधीच उठलेली. डोंबिवलीत तेव्हा नळाला पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. गिरगाव, परळ, दादरला पागडी न परवडणारी माणसं इथे येऊन राहिली, त्यांच्यामागून इमारती आल्या आणि पाणी अगदी शेवटी आलं. चाळीच्या सामाईक नळावर पहिली कळशी कोणाची, यावर रोज एक छोटं महाभारत व्हायचं.

जानेवारीपर्यंत पाणी भरणं आजीकडेच होतं. आजोबा परळच्या एका गिरणीत टाइमकीपर. १८ जानेवारीला संप पुकारला गेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात आमचे आजोबाही. दोन आठवडे ते खिडकीशी पेपर घेऊन बसले. फेब्रुवारी लागला तशी आजीने त्यांच्या हातात कळशी दिली. "अहो, तुम्हाला हजेरी घ्यायची सवय आहे ना, मग नळावर घ्या." आजोबांनी ते शब्दशः मनावर घेतलं. जिन्याखाली पुठ्ठ्यावर बिऱ्हाडांची पाळी लिहून टांगली, वेळ घड्याळ लावून मोजू लागले आणि नळावरची भांडणं खरोखरच निम्म्यावर आली. गिरणी त्यांना परत मिळाली नाही. तो पुठ्ठा मात्र बरीच वर्षं तिथे होता.

पाच. रॉकेलचा वातीचा स्टोव्ह. गॅसला नंबर लावलेला होता, तो लागायचा होता. पोळ्या, एक कोरडी भाजी, चार डबे. आजीला स्वयंपाक येत होता, आवडत नव्हता, आणि ती हे सगळ्यांसमोर सांगायची. तिच्या हातच्या पुरणपोळीच्या आठवणी आमच्या घरात कोणी काढत नाही, कारण पुरणपोळी ती विकत आणायची.

सहाची लोकल. सुती पाचवारी पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. फडके रोडने स्टेशनपर्यंत ती एवढ्या वेगाने चालायची की मला पळावं लागे. छत्री एक, ती तिच्या पिशवीवर. आम्ही दोघी भिजत. पिशवीत वह्या होत्या ना.

बायकांच्या डब्यात बसायच्या जागा ठरलेल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या दोघी, एक नर्स, मंत्रालयातल्या तिघी-चौघी, आणि शिक्षिकांचा वेगळा कोपरा. गवार निवडून व्हायची, लसूण सोलून व्हायचा, श्रावणात डब्यातच हळदीकुंकू. आजी यातलं काही करत नसे. ती मांडीवर पिशवी, पिशवीवर वही ठेवून लाल पेन्सिलीने तपासत बसे. डब्यातही तिला सगळ्या बाईच म्हणायच्या. कोणाच्या मुलाचा अर्ज, कोणाच्या सासऱ्यांचं पेन्शनचं पत्र, सगळं तिच्यापुढे यायचं आणि ती आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मगच मजकूर वाचायची.

जलद गाडीने ठाणं लवकर यायचं, पण ती तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. डब्यातले दिवे तेव्हा असून नसल्यासारखे. त्या अंधारात दोन वह्या बुडायच्या, म्हणून आजी धीम्या गाडीनेच जायची. दिवा, मुंब्रा, कळवा. दिव्याला टोपल्या घेऊन भाजीवाल्या चढत, मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. रूळ पाण्याखाली जाऊन गाडी कळव्याला अडली की ती फार वाट पाहायची नाही. उतरायची आणि खाडीच्या पुलावरून चालत ठाणं गाठायची. मलाही चालवायची. वाटेत इतिहासाचा तास. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि कल्याणला रूळ पोचायला १८५४ चा मे उजाडला. आजीचं माहेर कल्याणचं. हे एक वर्ष ती ठाणेकरांना कधी माफ करू शकली नाही.

सव्वासात. चेंदणी कोळीवाड्याला लागून असलेली नगरपालिकेची मराठी शाळा, सकाळचं सत्र, इयत्ता पहिली. ठाण्याची महानगरपालिका व्हायला अजून तीन महिने होते. खोलीत बाक नव्हते, बसकरपट्ट्या होत्या. पटावर पन्नासच्या वर मुलं, हजर तीस-पस्तीस. मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत हजेरी वाढायची आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की पुन्हा उतरायची. शिक्षण खात्याच्या आलेखात हे दिसत नाही, पण आजी हजेरीपटाच्या समासात तिथी लिहून ठेवायची.

अक्षरांची सुरुवात ग म भ न पासून. पाटीवर आधी तिने काढायचं, मग मुलाने तेच अक्षर पेन्सिलीने पुन्हापुन्हा गिरवायचं, रेघ जाड होईपर्यंत. हात कोणाचा थरथरतो, कोण पेन्सिल मुठीत धरतं, कोण डावखुरं आहे, हे तिला पहिल्या आठवड्यात ठाऊक झालेलं असे. डावखुऱ्यांना ती डावीकडे कडेला बसवायची, म्हणजे शेजाऱ्याला कोपर लागत नाही. हात बदलायला कधी लावला नाही, आणि त्या काळात ते दुर्मीळ होतं. टेबलाच्या खणात पत्र्याचा डबा. त्यात चिंचोके, गुंजा आणि तिसऱ्यांचे शिंपले. बेरीज-वजाबाकी सगळी त्यावर. कोळीवाड्यातल्या पोरांना शिंपले कुठून आणायचे हे सांगावं लागत नव्हतं. डबा कमी झाला की दुसऱ्या दिवशी ओंजळभर शिंपले यायचे, कधी नीट न धुतलेले. मग वर्गाला दिवसभर वास.

हा डबा तिने कोसबादहून उचललेला. कोसबाड म्हणा हवं तर, लोक दोन्ही म्हणतात. डहाणू तालुक्यातली ती टेकडी २०१४ पर्यंत, पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत, ठाणे जिल्ह्यातच होती. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारला, १९४५ साली काम बोर्डीला नेलं आणि १९५७ साली कोसबादला. १९४५ मध्येच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण, रात्रशाळेतून मॅट्रिक आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. ती गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात न्यायची. विकत आणलेली महागडी साधनं नकोत, पानं, बिया, खडे, शिंपले चालतील. अंगणवाडी हा शब्द याच कामातून निघाला आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशभर गेला. आजी सहकारी शिक्षिकांबरोबर एकदा डहाणू रोडला उतरून ते सगळं बघून आली होती. देवदर्शनाला गेली असती तर एवढं सांगितलं नसतं.

कोसबादचं आणखी एक तिने उचललं, आणि त्यावरून जरा गडबड झाली. वर्गात एक मुलगी रोज कडेवर भाऊ घेऊन यायची. आई पहाटेच भाऊच्या धक्क्याला मासळी आणायला गेलेली, तिला आजी नाही, बाप खाडीवर. भाऊ आठ-नऊ महिन्यांचा. मुख्याध्यापकांनी दोनदा तिला घरी पाठवलं. मुलगी दोन्ही वेळा चार-चार दिवस आलीच नाही. मग आजीने टेबलाच्या बाजूला तरट घातलं, त्यावर जुनं पातळ दुमडून टाकलं आणि पोराला तिथे निजवलं. रडला तर शेवटच्या रांगेतली मुलं पाळीने थोपटत. मी त्या वर्गात असताना एकदा पर्यवेक्षक तपासणीला आले. उंच, खिशाला दोन पेनं. त्यांनी तरटाकडे बोट करून विचारलं, "बाई, हे काय?"

आजी खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि हजेरीपट त्यांच्यापुढे धरला. "साहेब, हा अजून पटावर नाही. आत्ता बहिणीची हजेरी टिकवतोय. पाच वर्षांनी त्याचंही नाव चढेल."

साहेबांनी पटावर बोट फिरवून त्या मुलीची हजेरी पाहिली. मग म्हणाले, "शेऱ्यात लिहीत नाही. पण दारातून दिसणार नाही असं निजवा." तरट टेबलामागे सरकलं. ताराबाईंच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालायची, ती नेमकी याच कारणाने. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार हा प्रश्न सुटल्याशिवाय थोरली मुलगी शाळेत टिकत नाही. कोसबादला ते अख्ख्या आवारात केलं, आजीने तरटावर केलं.

ती प्रेमळ होती असं कोणी म्हटलं तर मला हसू येतं. चिमटा काढायची, आणि तो लागायचा. मलाही बसलाय. शाळेत तिला आजी म्हटलेलं चालत नसे. एकदा चुकून म्हटलं तर ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली, "इथे आजी कोणी नाही."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शाळेबाहेरच्या कामांची गाऱ्हाणी चालत. शिक्षक म्हणजे सरकारचा हाताशी असलेला माणूस. निवडणूक, मतदार याद्या, अल्पबचत, सगळं त्याच्याकडे. १९८१ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे तक्ते घेऊन आजी झोपडपट्टीत फिरली होती. ते तिला आवडलं. लोकांच्या घरात शिरून प्रश्न विचारायचे आणि उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहायची, याहून तिला काय हवं होतं? आणीबाणीत मात्र शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी केसेस आणायचं लक्ष्य ठरवून दिलं होतं. त्या वर्षाचं काही विचारलं की ती विषय बदलायची. शेवटपर्यंत बदलला.

साडेबारा. रोज या वेळी आम्ही जांभळी नाक्याच्या बाजारात. पण पगाराच्या दिवशी आधी कारकुनाच्या टेबलापुढे रांग. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, मग रोख रक्कम. आजी दोनदा मोजायची. बाकीच्या बाया संकोचाने नोटा तशाच पर्समध्ये टाकत. ही तिथेच उभी राहून, मागच्यांना खोळंबवून, बोटाला थुंकी न लावता, कारण ती सवय तिने पन्नास पोरांची मोडलेली होती.

त्या महिन्यात घरात सात माणसं होती. आजोबांचा पगार बंद. काका नोकरीच्या शोधात. आई-बाबांचं नव्याने बस्तान बसत होतं. त्या आधीची एक गोष्ट घरात नेहमी सांगतात. १९७७-७८ च्या हिवाळ्यात राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्यात आजी होती. मोर्च्यातही गेली. तेव्हा घर आजोबांच्या गिरणीवर चाललं. आता गिरणीचा संप, तर घर शाळेवर. दोघांनी एकमेकांना या बाबतीत कधी काही ऐकवलं नाही. हिशेब फिटला असं दोघांनाही वाटत असावं. फरक एवढाच की शिक्षकांचा संप संपला. गिरण्यांचा रीतसर संपला असं कोणी कधी जाहीरच केलं नाही.

मुंबईच्या आसपासची ही गावं मिळवत्या बायकांनी किती उचलून धरली याचा हिशेब कुठेही मांडलेला मला सापडत नाही. संपाबद्दल, गिरणगावाबद्दल, संपाचे नेते सामंत यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्या काळात डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटत होती ती नर्स, शिक्षिका, टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर यांच्या पगारावर. त्यांना त्यागमूर्ती म्हटलं की हा हिशेब मांडायची गरज उरत नाही. माझा त्या शब्दांवर राग आहे तो यासाठी.

जांभळी नाक्याला ती भाजीवालीशी पाच पैशांवरून वाद घालायची, जिंकायची आणि मग तेच पाच पैसे मला लिमलेटच्या गोळीला द्यायची.

दोन. जेवण. रेडिओवर वनिता मंडळ. पंधरा मिनिटं चटईवर आडवी. या वेळात तिच्याशी बोललेलं चालत नसे.

साडेतीन. चौथीच्या स्कॉलरशिपची मुलं. गॅलरीत दोन रांगा. याची ती फी घ्यायची. वहीत नाव, महिना, रक्कम, आणि ज्याची राहिली असेल त्याच्यापुढे लाल फुली. गिरणीतल्या घरांची फी त्या वर्षी तिने निम्मी केली. माफ केली नाही. फुकट शिकवलेलं पोर वेळेवर येत नाही, असं तिचं म्हणणं. पावकी, निमकी, पाऊणकी शाळेच्या पुस्तकांतून निघून गेली होती, इथे चालू होती. अडीच रुपये डझन तर नऊ केळ्यांचे किती, हे कागद न घेता सांगता आलं पाहिजे. आज माझा मुलगा मोबाइल काढतो तेव्हा मी गप्प बसते, कारण मलाही येत नाही.

गुरुवारी हा वर्ग नसे. पाच वाजता आजी कल्याणला जायची. मध्ये फक्त ठाकुर्ली. कारण सांगायची सार्वजनिक वाचनालयाचं, पुस्तक बदलायचं. ठाण्यात शाळेच्या वाटेवर मराठी ग्रंथसंग्रहालय होतं, १८९३ सालचं, चांगलं नावाजलेलं. तिथे ती सभासद झाली नाही. कल्याणचं १८६४ चं आहे, जुनं ते जुनं. खरं तर पारनाक्याजवळच्या वाड्यात तिची आई अजून होती. पुस्तकाच्या निमित्ताने माहेर की माहेराच्या निमित्ताने पुस्तक, हे आम्हाला कधी कळलं नाही. स्टेशनपासून टांग्याने जायचं आणि टांगेवाला नेमका तिचा एखादा ओळखीचा निघायचा.

टांग्यात हमखास आनंदीबाई जोशी यायच्या. कल्याणात जन्म १८६५ सालचा, वाचनालय निघाल्याच्या दुसऱ्या वर्षीचा. नवव्या वर्षी लग्न, १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एम.डी., आणि दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत बावीस पुरी व्हायच्या आत मृत्यू. आजी ही गोष्ट अभिमानाने सांगायची नाही, चिडून सांगायची. एवढी शिकलेली बाई एक दिवस दवाखाना चालवू शकली नाही. पुढे ऐंशी ओलांडल्यावर तिला कोणी दीर्घायुष्याबद्दल काही म्हटलं की ती म्हणायची, "मला मिळाली तेवढी वर्षं त्यांना मिळायला हवी होती. मी पहिलीच शिकवली असती तरी चाललं असतं."

रात्री साडेआठ. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा एक वर्ग आमच्या चाळीच्या ओट्यावर भरायचा. धुणंभांडी करणाऱ्या दहा-बारा बायका, एक कंदील, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. मानधन थोडंसं मिळायचं. तेही ती सही करून घ्यायची.

इथे तिने ग म भ न बाजूला ठेवलं. पहिल्या दिवशी बायकांना विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय? पोथी, रेशनकार्ड, मुलाचं पत्र अशी उत्तरं येतील असं तिला वाटलं होतं. बहुतेक जणींना स्टेशनं वाचायची होती. गाडी कुठे थांबली हे दर वेळी शेजारणीला विचारायचा त्यांना कंटाळा आला होता. मग आजीने आमच्याच लाइनीवर अभ्यासक्रम बसवला. आधी दिवा. दोन अक्षरं, एक वेलांटी, एक काना. मग कळवा, त्यात काना ओळखीचा झालेला. मग ठाणे, एक मात्रा नवी. डोंबिवली बऱ्याच उशिरा, कारण त्यात ओकार, अनुस्वार आणि दोन वेलांट्या, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. आपण राहतो ते गाव इतकं अवघड आहे हे पाहून एक बाई म्हणाली, "म्हणूनच इथं घर मिळंना." कल्याणला जोडाक्षर आलं. मुंब्रा सगळ्यांत शेवटी, कारण अनुस्वार आणि रफाराचा भाऊ एकाच ठिकाणी. मुंब्रा वाचता आलं की आजी म्हणायची, आता तुम्हाला काहीही वाचता येईल. आणि ते जवळजवळ खरं होतं.

मी पाटी घेऊन त्या बायकांच्या मागे बसायची. मला आधीच वाचता येत होतं, त्यामुळे मी मध्येच उत्तर द्यायची. एकदा आजीने मला ओट्यावरून उठवून आत पाठवलं. "तुझं शिकणं झालंय. त्यांना वेळ घेऊ दे."

दहा. टाचणवही. उद्याचा पाठ, उद्देश, साधनं, फळ्यावर काय लिहायचं. इतकी वर्षं पहिलीच शिकवत असून ती रोज नवं टाचण काढायची, मागच्या वर्षीचं उतरवून घेत नसे. आजोबा त्यावरून थट्टा करत. एकदा मी उत्सुकतेने दोन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. पाठ तोच, पण मुलांची नावं वेगळी. अमक्याला शिंपले देऊ नयेत, तोंडात घालतो. तमकी पाढे बोलते, लिहीत नाही. शिक्षण खात्याला असलं काही नको होतं. साडेदहाला दिवा बंद.

ती १९९० साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. तोवर ठाणं महानगरपालिका झालं होतं, १९८३ पासून कल्याण-डोंबिवलीही. निरोप समारंभात मिळालेली शाल तिने दुसऱ्याच दिवशी शाळेच्या शिपाईमावशींना दिली. नारळाची चटणी केली. स्कॉलरशिपचा वर्ग पंचाहत्तरीपर्यंत चालवला. मग गुडघे गेले, मग कान, मग एका डोळ्यात मोतीबिंदू आला. आजोबा गेले. चाळ पाडून टॉवर झाला, पाण्याला टाकी आली, तरी ती सव्वाचारला उठून बसायची आणि खिडकीतून पहिल्या गाड्यांचा आवाज ऐकायची. ऐंशीनंतर घरातली सगळी आर्थिक भांडणं तिच्यासमोर यायची, कारण ती बाजू ऐकून घ्यायची नाही, फक्त आकडे मागायची. काकांच्या फ्लॅटचं कर्ज, आत्याच्या वाटणीचा प्रश्न, माझ्या लग्नाचा खर्च, सगळं तिच्या वहीत लाल फुलीसकट. शेवटच्या वर्षी नावं विसरायला लागली. आमची विसरली, मुलांची विसरली. पाढे मात्र सलग म्हणायची, एकोणतिसापर्यंत.

तिची नोकरी एकोणचाळीस वर्षांची झाली आणि पेन्शन चौतीस वर्षांची. पेन्शनचा एकही महिना तिने चुकवला नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायला लागायचं. घरी माणूस पाठवतो असं बँकेने सांगूनही ती रिक्षाने जायचीच. शेवटी शेवटी मी बरोबर असायची. डोंबिवलीच्या त्या रांगेत निवृत्त शिक्षिकाच शिक्षिका. कोणाच्या वर्गात किती पोरं, कोणत्या साहेबांनी कुठला शेरा मारला, जनगणनेला कोण कुठल्या गल्लीत हरवलं, हे सगळं तिथे बसून चालायचं, मोठ्याने, कारण कोणालाच नीट ऐकू येत नसे. मी वही घेऊन गेले नाही हे खरं, पण आता इतर जण जाऊ शकतात. तुमच्या घरात अशा एखाद्या बाई असतील तर येत्या नोव्हेंबरात त्यांना ऑनलाइन दाखल्यावर भागवू नका. रिक्षा करा, बँकेत घेऊन जा आणि रांगेत त्यांच्या शेजारी बसा.